गर्भाशयमुखाचा कर्करोग : ग्रामीण महाराष्ट्रातील संशोधन

गर्भाशयाच्या तोंडाशी होणारा कर्करोग. बोलण्यात ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’. जवळजवळ प्रत्येक रुग्णात त्याच्या मुळाशी मानवी पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) दीर्घकाळ टिकलेला संसर्ग असतो. सुमारे ७० टक्के रुग्णांत या विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार सापडतात. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. रोग्याला एवढी सवड देणारे कर्करोग थोडे आहेत. त्यामुळे येथे औषधाइतकेच वजन वेळेवर केलेल्या तपासणीला असते. ती कोणती आणि कशी करावी, याचा जगाने मानलेला पुरावा बराचसा महाराष्ट्रातून आला.

असा पुरावा रुग्णालयात बसून मिळत नाही. त्यासाठी गावागावांत घरनिहाय पक्की नोंद लागते. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे परिचित असलेले वढू बुद्रुक (ता. शिरूर, जि. पुणे) हे अशा नोंदींचे एक जुने ठिकाण. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७०च्या दशकात येथे ग्रामीण आरोग्यप्रकल्प उभारला आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. २००२पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची घरोघर नोंद ठेवली जाऊ लागली. मृत्यूचे कारणही घरच्यांना विचारून टिपले जाते. रोटाव्हायरसवरील भारतीय लशीच्या चाचणीला हीच घडी उपयोगी पडली.

कर्करोगाच्या बाबतीत ही कामगिरी बार्शीने केली. १९८७मध्ये तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. तिच्या आधारावर १९९९मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात मोठी चाचणी हाती घेतली गेली. त्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सहभागी होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे गावांनुसार ५२ समूह पाडून चार गट केले. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पेशीतपासणी (पॅप), तिसऱ्याची ॲसिटिक आम्ल लावून नजरेने तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीची सेवा मिळाली. निष्कर्ष एप्रिल २००९मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सेवेच्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले, एचपीव्ही गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर आला. बाकीच्या दोन पद्धतींना तेवढे यश आले नाही. तपासणी न झालेला गट ठेवणे नैतिक होते का, यावर पुढे परदेशातून कडक टीका झाली. ती वायफळ म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही. मात्र त्या काळी त्या गावांत नेहमीच्या सेवेत तपासणीच नव्हती, हेही खरे.

नजरेच्या तपासणीलाही तिची जागा आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाने दर दोन वर्षांनी ती चार वेळा केली, तीही दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांकडून. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

एचपीव्हीवरील लशीच्या बाबतीत योगायोगाने मोठे काम झाले. दोन मात्रा पुरतात की तीन, हे पाहण्यासाठी २००९मध्ये देशातील नऊ केंद्रांवर मुलींना लस देणे सुरू झाले. त्यांत पुणे व बार्शीही होते. दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटल्याने एप्रिल २०१०मध्ये सरकारने लसीकरण थांबवले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. त्यांचा पाठपुरावा मात्र सोडला नाही. १६ व १८ प्रकारांच्या टिकाऊ संसर्गापासून एका मात्रेनेही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळते, असे २०२१मध्ये दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागे हाही पुरावा होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या भारतीय लशीला परवानगी मिळाली.

उपचारांत बदल झाले, पण सावकाश. आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करावी की किरणोपचार व केमोथेरपी एकत्र द्यावी, या प्रश्नावर टाटा रुग्णालयाच्या ६३५ रुग्णांच्या चाचणीने २०१८मध्ये दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने कौल दिला : पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ७६.७ टक्के, पहिल्या पद्धतीत ६९.३. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागणाऱ्या स्त्रियांत प्रतिमांच्या आधारे नेमका मारा केल्यास आतड्यांचे नंतरचे त्रास सुमारे निम्म्यावर येतात, हेही तेथेच सिद्ध झाले.

कमतरता आता ज्ञानाची नाही. तिशीनंतर प्रत्येक स्त्रीची तपासणी करण्याच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना २०१६पासून आहेत. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १.९ टक्के स्त्रियांनीच ही तपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले.