कॉसमॉस बँक : शनिवार दुपार ते मंगळवार रात्र

शुक्रवार, १० ऑगस्ट २०१८
अमेरिकेची एफबीआय बँकांना गोपनीय इशारा देते: येत्या काही दिवसांत क्लोन केलेली कार्डे वापरून जगभरच्या एटीएममधून एकदमच पैसे उपसले जाण्याची शक्यता आहे. आपल्याकडे उद्या दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी.

शनिवार, दुपारी ३
१९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला सुरू होतो. एरवी एटीएममध्ये कार्ड घातले की विचारणा व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून बँकेच्या स्विचकडे जाते. स्विच मूळ बँकिंग यंत्रणेला विचारतो, खात्यात शिल्लक आहे का? हल्लेखोरांनी मालवेअर घुसवून एक तोतया स्विच उभा केला होता. तो मूळ यंत्रणेला काही विचारतच नव्हता. येईल त्या मागणीला परस्पर मंजुरी देत होता.

रात्री १०
सात तासांत २८ देशांतून व्हिसा कार्डांवर सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. भारतात रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी. त्यातले काही थेट कोल्हापुरातल्या एटीएममधून. पैसे काढणारे हात शहरोशहरी आधीच तयार उभे होते.

रविवार, पहाटे ४
इथे मला दुसरे घड्याळ लावावेसे वाटते, कायद्याचे. त्या वर्षी ते जवळपास नव्हतेच. सायबर घटना ‘वाजवी वेळेत’ सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवा, एवढेच २०१३ चे नियम सांगत. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी तिथे सहा तास आणले. रात्री दहाला कळले असे धरले, तर मुदत पहाटे चारला संपते, तीही सुट्टीच्या रविवारी. शिवाय हे तास आपल्या लक्षात आल्यापासून किंवा कुणी लक्षात आणून दिल्यापासून मोजायचे असतात. म्हणजे कार्ड कंपनीचा फोन पुरेसा आहे. आपली अंतर्गत चौकशी पूर्ण होण्याची वाट कायदा पाहत नाही. बऱ्याच कंपन्यांत आयटीवाले आधी ‘नक्की काय झाले’ ते शोधतात आणि विधी विभागाला सोमवारी सांगतात. हा क्रम आता चालणार नाही.

रविवार, दिवसभर
पैसा बँकेचा गेला, ग्राहकांची खाती सुरक्षित आहेत, असे बँकेने पुढे जाहीर केले. ठेवीदारांसाठी तो मोठाच दिलासा. पण वकिलाने इथे थांबू नये. कार्डे क्लोन झाली, म्हणजे शेकडो खऱ्या कार्डांची माहिती कुठून तरी बाहेर गेली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला रुपया कुणाचा याच्याशी कर्तव्य नाही. माहिती कुणाची, हा त्याचा प्रश्न आहे. त्याच्या नियमांनुसार अशा प्रत्येक व्यक्तीला विनाविलंब, सोप्या भाषेत कळवावे लागेल. पैसे सुरक्षित असले तरीही.

सोमवार, सकाळी ११.३०
दुसरा घाव. स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातल्या बनावट संदेशांवरून १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात जातात. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी. पहिला हल्ला थांबल्यापासून साडेसदतीस तास उलटले होते. मला या सगळ्यात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच अंतर. सहा तासांच्या नियमाला कागदी जाच म्हणणाऱ्यांनी हे साडेसदतीस तास डोळ्यांसमोर आणावेत. वेळेवर दिलेली खबर दुसरा घाव अडवतेच असे नाही, पण बाहेरचे तज्ज्ञ डोळे त्या यंत्रणेकडे वळवते.

मंगळवार, रात्री १०
पुण्यात चतुःशृंगी पोलीस ठाण्यात आज गुन्हा दाखल झाला आहे. डेटा संरक्षण कायद्याच्या नव्या नियमांतला ७२ तासांचा काटाही याच वेळी संपला असता. डेटा संरक्षण मंडळाला पहिली खबर लगेच द्यायची आणि ७२ तासांत सविस्तर अहवाल: काय घडले, का घडले, कोणते उपाय केले, बाधितांना काय कळवले. न कळवल्यास दंड २०० कोटींपर्यंत, म्हणजे चोरीच्या रकमेच्या दुपटीहून अधिक. वाजवी सुरक्षा ठेवलीच नसेल तर २५० कोटींपर्यंत.

त्यानंतर
१९ ऑक्टोबर २०१८ ला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली. डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती ११ ऑगस्ट २०२३ ला, हल्ल्याला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहितीफुटीची कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू होतात. तोवर विधी विभागांनी स्विच, क्लाउड आणि कॉल सेंटर चालवणाऱ्यांशी केलेले करार बाहेर काढावेत. बहुतेकांत ‘तातडीने कळवू’ असे मोघम लिहिलेले असते. तिथे तासांचा आकडा हवा, सहापेक्षा बराच कमी, आणि सुट्टीच्या दिवशी फोन कुणाला करायचा त्याचे नाव.