उत्प्रेरकाचे पेटंट आणि ‘उघड’पणाचा आक्षेप

* सुती कापडाला सुरकुती पडू नये म्हणून ते रसायनाच्या द्रावणात बुडवून, पिळून, वाळवून १५० ते १८० अंश सेल्सिअसला तापवतात. या क्युरिंगचा वेग बराचसा उत्प्रेरकावर अवलंबून असतो.

पॉलिकार्बॉक्झिलिक आम्ले सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना जोडतात, हे १९६०च्या दशकातच छापून आले होते. तरीही १९८९मध्ये संशोधक क्लार्क वेल्च आणि सहकारी यांना अमेरिकी पेटंट मिळाले. सोडियम हायपोफॉस्फाइटसारख्या उत्प्रेरकामुळे फॉर्मल्डिहाइडशिवायही धुलाईत टिकणारी प्रक्रिया झटपट होऊ लागली. आम्ल जुने होते, पण उत्प्रेरकाची जोड नवी होती. ‘उघड’पणाच्या वादांचे मर्म इथेच असते.

भारतात ही कसोटी पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए)मध्ये आहे : त्या विषयातल्या जाणकाराला जे सहज सुचेल, म्हणजेच ‘उघड’ असेल, ते पेटंटला पात्र नाही. १९७८च्या बिश्वनाथ प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेथवर भांडी धरण्याच्या साधनाचे पेटंट याच न्यायाने अवैध ठरवले.

पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतो. मंजुरीनंतर हितसंबंधितांना ती एका वर्षाच्या आत घ्यावी लागते. हरकतीला बहुधा जुना छापील पुरावा लागतो. पेटंटांची माहिती देणारी यंत्रणा १९८०पासून नागपुरातच असल्याने विदर्भातल्या लहान प्रोसेसिंग कारखानदारांनी तिचा आवर्जून उपयोग करून घ्यावा. — संपा.