एसीचा 'टन' आला कोठून?

घरासाठी वातानुकूलन यंत्र घ्यायला आपण दुकानात गेलो, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती टनाचा दाखवू?" यंत्र तर दोन माणसे सहज उचलतात. मग हा टन कशाचा? ज्या वस्तूवर आपण पाच आकडी रक्कम खर्च करणार, तिचे माप आपल्याला समजलेले असावे. ते समजून घ्यायचे तर बर्फाच्या व्यापारापर्यंत मागे जावे लागते.

यंत्राने बर्फ तयार होऊ लागण्यापूर्वी तो तळ्यांतून कापून आणत. अमेरिकेत बोस्टनजवळची तळी हिवाळ्यात गोठत. फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी त्यांतील बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात बांधून उष्ण देशांत पाठवी. 1833 साली त्याचे 'टस्कनी' जहाज सुमारे 180 टन बर्फ घेऊन कोलकात्याला निघाले. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला जवळजवळ 100 टन बर्फ शिल्लक होता! पुढे मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ येऊ लागला. मद्रासची बर्फाची कोठी आजही चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर उभी आहे. 1897 साली स्वामी विवेकानंद तेथे राहिले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्य गाळण्याचे कारखाने आणि मांसाची गोदामे यांत शीतयंत्रे आली. गिऱ्हाइकाला ठाऊक होता तो बर्फ. साहजिकच यंत्राची ताकदही बर्फातच सांगितली जाऊ लागली. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात काढून घेणारे यंत्र 'एक टनाचे'. बर्फ गेला, माप मात्र राहिले.

आता थोडे गणित करू. अमेरिकन टन 2000 पौंडांचा, म्हणजे 907 किलोग्रॅमचा. 0 अंश सेल्सिअसचा एक किलोग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 334 किलोज्यूल उष्णता लागते. 907 गुणिले 334 भागिले 86,400 सेकंद, उत्तर येते साधारण 3.5 किलोवॅट. म्हणजे टन हे वजन नव्हे, विजेच्या खपाचे मापही नव्हे. खोलीतली उष्णता बाहेर टाकण्याचा तो वेग आहे.

एक टनाचे यंत्र म्हणजे दर तासाला जवळजवळ 38 किलोग्रॅम बर्फ वितळवण्याइतके काम. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे 100 वॅट उष्णता बाहेर पडते. तिने तासाला किलोभर बर्फ वितळेल. चाळीस जणांच्या वर्गात केवळ माणसांच्या उष्णतेसाठीच एक टनाहून अधिक क्षमता लागेल! म्हणून 'शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन' हा बाजारातला ठोकताळा पुरेसा नाही. वर तापणारी गच्ची आहे का, पश्चिमेला मोठी खिडकी आहे का, खोलीत माणसे किती, हेही विचारायला हवे.

मग सरळ मोठेच यंत्र घ्यावे का? येथे इतिहासातला दुसरा धागा उपयोगी पडतो. 1902 साली विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली. तेथे तक्रार उकाड्याची नव्हती, दमटपणाची होती. कागद फुगे, आकसे आणि रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. थंड नळ्यांवर हवेतली वाफ दवासारखी जमते, याचा कॅरियरने उपयोग केला. आपला एसी आजही हेच करतो. त्यातून ठिबकणारे पाणी खोलीतल्या हवेतले असते. गरजेपेक्षा फार मोठे यंत्र खोली झटकन गार करून थांबते आणि दमटपणा तसाच राहतो. कोकणपट्टीत हा दोष चटकन जाणवतो. वेग कमीजास्त करणाऱ्या इन्व्हर्टर यंत्रांत तो कमी असतो, पण पूर्ण टळत नाही.

वीज किती लागते, हे टनावरून कळत नाही. त्यासाठी तारे पाहावेत. ऊर्जा दक्षता ब्युरोची ही तारांकन योजना 2006 साली सुरू झाली. लेबलावरचा कार्यक्षमतेचा आकडा म्हणजे हंगामभरात बाहेर टाकलेली उष्णता भागिले खर्च झालेली वीज. तो 4 असेल, तर एक युनिट विजेत चार युनिट उष्णता बाहेर जाते. यात ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाला बाधा येत नाही, कारण यंत्र थंडी निर्माण करत नाही, उष्णतेची फक्त जागा बदलते.

एखाद्या एसीच्या लेबलावरील आकडे फळ्यावर लिहून हे गणित वर्गात करून पाहावे. 'टन' या शब्दाआड दडलेला बर्फ विद्यार्थी मग स्वतःच शोधून काढतील.