उसने पुस्तक : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील बाल-किशोर वाचनव्यवहाराचा एक मागोवा

प्रास्ताविक

ग्रंथालयाचा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे असते. स्थापनेचा दिनांक, संस्थापकांची नावे, दाखलपुस्तक, सभासदसंख्या, अनुदानाचा वर्ग ही सारी साधने कागदावर उपलब्ध असतात. परंतु मधल्या सुट्टीत एका मुलाने दुसऱ्याला “हे वाच, एकदम भारी आहे” असे सांगून आपल्या दप्तरातून पुस्तक काढून दिले, तर त्या घटनेची नोंद कोणत्याही कार्यालयाच्या दप्तरात होत नाही. महाराष्ट्रातील वाचनसंस्कृतीविषयीचे लेखन बव्हंशी पहिल्या प्रकारच्या साधनांवर उभे आहे. त्यामुळे ज्या नगरांत ग्रंथालयांची परंपरा जुनी, त्यांचा वाचनेतिहास समृद्ध आणि जी नगरे कारखान्यांच्या भोंग्याबरोबर उभी राहिली, त्यांचा वाचनेतिहास जणू नाहीच, असा समज रूढ झाला आहे. पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ मध्ये स्थापन झालेले ग्रंथालय आज ‘पुणे नगर वाचन मंदिर’ या नावाने ओळखले जाते. त्याच पुण्यापासून पंधरा-वीस किलोमीटरवरील पिंपरी, भोसरी, आकुर्डीचा उल्लेख मात्र वाचनाच्या इतिहासात अपवादानेच येतो.

प्रस्तुत लेखात या समजाची फेरतपासणी करण्याचा प्रयत्न आहे. या औद्योगिक पट्ट्यात मुले वाचत नव्हती असे नाही. ती ग्रंथालयातून कमी आणि परस्परांकडून अधिक वाचत होती, आणि त्याची कारणे मुलांच्या आवडीनिवडीपेक्षा कामगारांच्या निवासाच्या स्वरूपात शोधावी लागतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नगराची वाढ आणि ग्रंथालयाची अट

फाळणीनंतर पिंपरी येथे सिंधी निर्वासितांची छावणी वसली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना तेथे स्थापन झाला व त्याबरोबर कामगारांची वसाहत आणि शाळाही आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्याच दशकात बजाज ऑटो आकुर्डीत आणि टेल्को पिंपरीत स्थिरावली. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अशी प्रशासकीय वाटचाल झाली. १९७१ च्या जनगणनेत सुमारे ८३ हजार असलेली लोकसंख्या १९८१ मध्ये अडीच लाखांच्या आसपास, १९९१ मध्ये पाच लाखांवर, २००१ मध्ये दहा लाखांवर आणि २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. चाळीस वर्षांत वीसपट वाढलेल्या या नगरात रस्ते, पाणी व शाळाच जेथे अपुऱ्या पडत होत्या, तेथे ग्रंथालय मागे पडले याचे नवल वाटू नये.

तथापि केवळ संख्येची तूट हे कारण पुरेसे नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ नुसार राज्यात जी व्यवस्था आकारास आली, तिचा कणा म्हणजे स्थानिक संस्थांनी चालविलेली, शासनाचे अनुदान घेणारी व सभासदांकडून वर्गणी आकारणारी ग्रंथालये होत. अशा ग्रंथालयात पुस्तक घरी न्यायचे तर प्रवेश शुल्क, अनामत रक्कम, मासिक वर्गणी आणि बहुधा पत्त्याचा पुरावा किंवा परिचित सभासदाची हमी लागते. पुस्तके परत यावीत म्हणून ही अट आवश्यकच आहे. पण ती ज्या वाचकाला गृहीत धरते, तो वाडा, पेठ वा गाव यांत पिढ्यान् पिढ्या राहणारा वाचक आहे. मराठवाड्यातून, खानदेशातून, सातारा-सांगलीकडून येथे आलेला कामगार भाड्याच्या एका खोलीत राहत असे, शिधापत्रिका गावाकडे असे आणि खोली दर अकरा महिन्यांनी बदलण्याची शक्यता असे. त्याच्या मुलाची हमी कोणी घ्यावी?

येथे एक वैयक्तिक अनुभव नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. प्रस्तुत लेखकाचे वडील भोसरीतील एका लहान कारखान्यात फिटर होते. इयत्ता सहावीत असताना शहरातील एका वाचनालयात नाव घालण्यासाठी आम्ही दोघे गेलो, तेव्हा तेथील गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने घरमालकाचे पत्र मागितले. घरमालकाकडे दोन महिन्यांचे भाडे थकलेले होते, त्यामुळे पत्राचा विषय तेथेच संपला. परतताना वडिलांनी आकाशकंदिलांच्या दुकानाशेजारून एक जुने ‘किशोर’ विकत घेऊन दिले. आपले स्वतःचे म्हणावे असे ते माझे पहिले वाचन. पुढे आठ दिवसांत ते चाळीतील सात घरांत फिरून आले.

उसनवारीचे नियम

या फिरण्याला काही नियम होते. ते कोठेही लिहिलेले नव्हते, परंतु ग्रंथालयाच्या नियमावलीपेक्षा अधिक कसोशीने पाळले जात. पुस्तक मिळवायचे तर बदल्यात पुस्तक द्यावे लागे. ज्याच्याकडे पुस्तक नसेल त्याने वाचलेल्या पुस्तकाची गोष्ट सांगावी, अशी सवलत होती. मुदत बहुधा एका रात्रीची, रविवार असेल तर दोन. पान दुमडले तर पुढचे पुस्तक बंद. वेष्टनासाठी जुन्या दिनदर्शिकेची पाने किंवा कारखान्यातून आलेला खाकी कागद वापरला जाई. ग्रंथालयशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर देवघेव, विलंबदंड व ग्रंथपरिरक्षण या तिन्ही बाबी येथे होत्या. अनामत मात्र नव्हती. तिच्या जागी मैत्री होती, आणि मैत्री तुटण्याची भीती.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांपैकी एक, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असे सांगतो. ग्रंथपालाने हे काम तालिका, वर्गीकरण व प्रदर्शन यांच्या साहाय्याने करावयाचे असते. चाळीतील मुले ते शिफारशीने करीत. “तुला घाबरायला आवडतं ना, मग हे घे,” या एका वाक्यात वाचकाची ओळख व ग्रंथाची ओळख दोन्ही सामावलेल्या असतात. शिफारस करणाऱ्याची पतही पणाला लागे. पुस्तक कंटाळवाणे निघाले, तर पुढच्या वेळी त्याचे कोणी ऐकत नसे.

वाचले काय जाई? बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेले ‘किशोर’ मासिक या व्यवहाराच्या केंद्रस्थानी होते. स्वस्त, सचित्र आणि शाळेच्या वर्तुळातले असल्यामुळे पालकांचा त्याला आक्षेप नसे. ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठीत मिळत होता व विक्रम-वेताळाच्या कथेमुळे त्याच्या जुन्या अंकांनाही कधी शिळेपण आले नाही. गेल्या दशकाच्या आरंभी तो बंद पडला. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घरोघरी असे. पण माझ्या आठवणीप्रमाणे ती उसनी देण्याघेण्याचे पुस्तक नव्हते, ती बक्षीस म्हणून मिळे व फळीवर राही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र सतत प्रवासात असे. फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला, सायकलवर फिरणारा हा पोरगा गावाकडून शहराच्या कडेला येऊन पडलेल्या मुलांना आपल्यातला वाटे. बालसाहित्याच्या समीक्षेत त्याच्या साहसांची चर्चा होते, त्याच्या गावाची होत नाही.

याशिवाय चित्रकथांचे एक उपेक्षित दालन होते. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ आणि १९६७ पासूनची अमर चित्र कथा हिंदी-मराठी दोन्ही भाषांतून येत. पिंपरीच्या बाजारपेठेत सिंधी, मराठी, पंजाबी व उत्तर भारतीय मुले एकाच वर्गात बसत. त्यांच्यात पुस्तक फिरायचे तर ते बहुधा हिंदी असे. सिंधी मुलांपुढे तर आणखी एक पेच होता. वडिलांची पिढी अरबी वळणाच्या लिपीत वाचणारी आणि मुले देवनागरीत शिकणारी, त्यामुळे आजोबांच्या ट्रंकेतील पुस्तक नातवाला उघडता आले तरी वाचता येत नसे. १९६७ मध्ये सिंधी भाषेचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला, तरी घरातील ही लिपीची भिंत त्याने पडली नाही. अशा मुलासाठी शेजारच्या मुलाने दिलेली हिंदी चित्रकथा हाच वाचनाचा आरंभ होता. चित्रकथांना नाके मुरडणाऱ्या आम्हां अध्यापकांनी हे ध्यानात घेतले पाहिजे.

पाळी, ओटा आणि मुली

कारखान्याच्या वेळापत्रकाचा मुलांच्या वाचनावरील परिणाम हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. वडील रात्रपाळी करून आले की सकाळभर एकाच खोलीच्या घरात झोपत. मुलांनी आवाज करू नये म्हणून त्यांना ओट्यावर किंवा जिन्यात बसविले जाई. आवाज न करता करण्यासारख्या गोष्टी मोजक्याच, त्यांत वाचन एक. जिन्याच्या पायरीवर दोन डोकी एका पुस्तकात घातलेली असत आणि भरभर वाचणाऱ्याला पान उलटण्यासाठी थांबावे लागे. वाचन ही एकांतात करावयाची गोष्ट आहे, हे मला फार उशिरा, महाविद्यालयात आल्यावर कळले.

मुलींच्या बाबतीत हा व्यवहार अधिकच महत्त्वाचा ठरतो. ग्रंथालयाच्या सोयीच्या वेळा संध्याकाळच्या, आणि संध्याकाळी मुलींना पाणी भरणे, स्वयंपाक व धाकट्या भावंडांची जबाबदारी असे. भावाच्या सभासदत्वावर बहिणीने वाचायचे तर निवड भावाची. मैत्रिणीकडून आलेले पुस्तक मात्र तिचे स्वतःचे असे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रे १९५३ च्या कायद्यान्वये सुरू झाली. त्यांतील शिवणवर्ग, शिशुमंदिर व वाचनालय एकत्र असल्यामुळे मुली तेथे संशयाविना जाऊ शकत. शिवणवर्गाला म्हणून निघालेली माझी थोरली बहीण पिशवीत कापडाखाली कादंबरी घेऊन येई. ग्रंथालयाच्या इतिहासात अशा कापडाखालच्या पुस्तकांची गणना कोठे करावी, हा प्रश्न मला अद्याप सुटलेला नाही.

चाकण : जुनी वही, नवा भ्रमणध्वनी

चाकण हे नाव आज मोटारींच्या कारखान्यांशी जोडले गेले आहे. परंतु मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ते अन्य कारणाने यायला हवे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे चाकणचे. त्यांच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाथेची आवृत्ती सिद्ध केली. आपल्याला मोलाचे वाटलेले शब्द दुसऱ्यासाठी उतरवून ठेवणारा तेली समाजातील हा टाळकरी याच परिसरातला आहे. अर्थात सतराव्या शतकातील वही आणि विसाव्या शतकातील उसने ‘किशोर’ यांच्यात परंपरेचा धागा जोडण्याचा मोह टाळावा. दोहोंत साम्य आहे ते इतकेच, की दोन्ही ठिकाणी ग्रंथाचे रक्षण संस्थेने नव्हे, सोबत्याने केले.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चाकणचे रूप पालटले. येथे आलेला नवा वाचक बालक नाही, तो अठरा ते पंचवीस वर्षांचा कंत्राटी कामगार आहे. आयटीआय वा पदविका घेऊन तो येतो व एका खोलीत पाच-सहा जणांसह कॉटच्या भाड्यावर राहतो. आमच्या महाविद्यालयात बहिःस्थ म्हणून नाव नोंदविणारे असे अनेक तरुण आहेत. त्यांच्या पिशवीत स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शक असते, तसेच शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ किंवा ‘छावा’ही असते. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘छावा’ २०२५ मधील चित्रपटानंतर पुन्हा हातोहात फिरू लागली. संभाजीराजांच्या स्मृतीशी जोडलेले तुळापूर येथून जवळच असल्याने वाचून झाल्यावर दुचाकीवरून तेथे जाऊन येण्याचा प्रघातही मी पाहिला आहे. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या अनधिकृत प्रतींचा प्रश्न गंभीर आहे व लेखक-प्रकाशकांचे त्यात नुकसान आहे. तरीही एक फरक नोंदवावासा वाटतो. शंभर जणांच्या गटावर टाकलेली प्रत कोणासाठीच नसते. सहकाऱ्याच्या उशाशी ठेवलेले पुस्तक त्याच्यासाठीच असते, आणि त्याने ते वाचले की नाही हे दुसऱ्या दिवशी विचारले जाते.

संस्थांनाही हे आता उमगले आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे सोपविली जाते व ठरावीक काळाने ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. चाळीतील देवघेवीचेच हे सुघटित रूप होय. राज्यात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. आमच्याकडे त्या दिवशी फलक लागतो, मान्यवरांचे भाषण होते व छायाचित्र अहवालात जाते. विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला पुस्तक द्यावे, एवढा साधा कार्यक्रम मी दोनदा सुचविला. त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची, हे न ठरल्याने तो राहिला.

जानेवारी २०१६ मध्ये ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरी येथे भरले. या नगराच्या वाङ्मयीन इतिहासाचे साधन म्हणून त्याचे दस्तऐवज जपले जातील यात शंका नाही. उसन्या पुस्तकांची साधने मात्र रद्दीत चालली आहेत. मागील वर्षी चिंचवड येथील रद्दीच्या दुकानात मला १९९४ चा एक ‘किशोर’ मिळाला. आतील पानावर चार हस्ताक्षरांत चार नावे आहेत. दोन खोडलेली, एकापुढे ‘५ वी ब’ आणि शेवटच्या नावाखाली शिसपेन्सिलीने लिहिलेले आहे, ‘पान १७ आधी वाच’. ‘किशोर’चे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात, ही मोठीच सोय आहे, परंतु त्या प्रतींवर अशा नोंदी नाहीत. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून दरवर्षी जीर्ण ग्रंथांचे निर्लेखन होते. त्यापूर्वी प्रत्येक ग्रंथाच्या पहिल्या व शेवटच्या कोऱ्या पानाचे छायाचित्र घेऊन ठेवावे, अशी विनंती मी आमच्या ग्रंथपालांना केली आहे आणि पहिल्या खेपेस वेगळे काढलेले दोन गठ्ठे सध्या इतिहास विभागाच्या कपाटात आहेत.