अटलांटिकवरील विमानवाहतूक आणि पर्यटकांचा खर्च

आंतरराष्ट्रीय पर्यटनात विमानाला जे अग्रस्थान लाभले, त्याचे श्रेय सामान्यतः जेट विमानाला दिले जाते. अटलांटिकवरील वाहतुकीचा कालक्रम पाहता हे मत पुरतेपणी टिकत नाही. या मार्गावर 'टूरिस्ट' वर्गाचे कमी भाडे १ मे १९५२ पासून लागू झाले. १९५७ साली विमानाने व जहाजाने हा महासागर ओलांडणाऱ्यांची संख्या प्रत्येकी सुमारे दहा लक्ष, म्हणजे जवळजवळ समसमान झाली होती. जेट विमानांची नियमित सेवा ऑक्टोबर १९५८ मध्ये सुरू झाली. तात्पर्य, पारडे फिरले ते पंख्यांच्या विमानांच्या काळात आणि भाड्यामुळे. जेटने त्या प्रक्रियेस वेग दिला इतकेच.

या स्थित्यंतराने खर्चाचे स्वरूपही पालटले. जहाजाच्या तिकिटात सुमारे पाच दिवसांचे अन्न व निवास अंतर्भूत असे. विमानाने तेच अंतर एका दिवसाच्या आत तुटू लागले. ज्याची रजा मोजकी, त्याला वाचलेले दिवस परदेशाच्या भूमीवर घालविणे शक्य झाले, आणि जहाज कंपनीकडे जाणारा निवासाचा पैसा हॉटेलांकडे वळण्याची वाट मोकळी झाली.

तथापि विमानाचा वाटा मोजताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अगत्याचे आहे. जगातील आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या १९५० साली सुमारे अडीच कोटी होती. २०१९ साली ती सुमारे १४६ कोटी झाली व त्यांतील जवळजवळ तीन पंचमांश लोक विमानाने आले. हा वाटा माणसांचा आहे, पैशाचा नव्हे. शेजारच्या देशात मोटारीने जाऊन एक रात्र राहणारा आणि महासागर ओलांडून महिनाभर राहणारा, हे दोघेही या गणनेत एकेकच. शिवाय आंतरराष्ट्रीय प्रवासाचे भाडे पर्यटन-प्राप्तीत धरले जात नाही. त्याची नोंद वाहतुकीच्या स्वतंत्र सदराखाली होते.

या भेदाचे महत्त्व दूरस्थ देशांना अधिक. एअर-इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. परदेशी पाहुण्याने अशा स्वदेशी विमानाचे तिकीट काढले, तर भाड्याचे परकीय चलनही यजमान देशाला मिळते. अन्यथा पाहुणा येतो, पण त्याच्या खर्चाचा एक मोठा भाग परक्या कंपनीच्या खात्यात राहतो. विमानाने किती पर्यटक आले, एवढ्यावरून देशाचा लाभ ठरविता येत नाही, तो याच कारणाने.