पगार, पास आणि धंदा

नोकरी करता करता शिकणारा मुलगा धंद्याकडे वळतो की नाही, हे सांगताना आपण बहुधा त्याच्या स्वभावात डोकावतो. मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे तर आपले ठरलेलेच वाक्य. ठाणे, कल्याण, डोंबिवलीचा इतिहास पाहिला तर स्वभावापेक्षा तो मुलगा काम कुठे करतो आणि घर कोणाच्या पगारावर चालते, हे जास्त महत्त्वाचे दिसते.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. याच रुळांनी पुढे इथल्या घराघराला मुंबईची कचेरी दिली. शिक्षणही तिकडेच. 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरदारांना सकाळी शिकता यावे याची सोय पाहिली. ठाण्यात जोशी-बेडेकर महाविद्यालय आले 1969 साली, कल्याणचे बिर्ला 1972 साली. सकाळी वर्ग, दिवसभर कचेरी, खिशात महिन्याचा पास. अशा मुलाच्या टेबलावर फाइल येते. गिऱ्हाईक येत नाही. भाव कसा ठरतो, उधारी कशी वसूल होते, हे त्याला दिसतच नाही. त्यातून घरचे भाडे त्याच्या पगारातून जाणार. धंद्यात सुरुवातीला काही सुटत नाही, मग तोवर चूल कशी पेटायची? याला भित्रेपणा म्हणणे मला पटत नाही. तो साधा हिशेब आहे.

उलट बाजू डोंबिवलीतच सापडते. इथल्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते केशव विष्णू पेंढरकर नागपूरहून मुंबईत आले. आधी किराणा दुकान, मग 1952 साली विको. दंतमंजनाची पावडर बाप-लेक घरोघर जाऊन विकत. मुलगा गजानन औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन त्याच कामात आला. पुढे विकोचा कारखाना डोंबिवलीत उभा राहिला. त्या घरात दुकान आधी होते, पदवी नंतर आली. आपल्याकडे क्रम बहुधा उलटा!

1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याचे वागळे इस्टेट तिची पहिली वसाहत ठरली. पुढे डोंबिवलीतही वसाहत झाली. अशा ठिकाणच्या दहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहून संध्याकाळी डिप्लोमा करणारा मुलगा बरेच काही पाहतो. मालक स्वतः जॉबवर्क आणतो, बिलासाठी खेटे घालतो, पगाराच्या दिवशी कपाळाला आठ्या घालतो. हे शिक्षण वर्गात मिळत नाही.

2009 साली कल्याणजवळच्या मोहोने येथील एनआरसी कारखाना बंद पडला. कामगारांची देणी वर्षानुवर्षे रखडली. ‘पर्मनंट’ या शब्दाचे वजन तेव्हा उतरले. पण नोकरीची धास्ती म्हणजे धंद्याची आवड नव्हे, हे विसरू नये. 2015 पासून मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्जही मिळते. मात्र सकाळची लोकल गाठून रात्री नऊला डोंबिवलीत उतरणाऱ्या मुलाला त्याआधी घराची सहा महिन्यांची बेगमी लागते, आणि तिचा फॉर्म कुठल्याच बँकेत मिळत नाही.