फाफे आणि त्याचे जनक

मराठी बालसाहित्यिकाने आपला डंका पिटावा कसा, हा जुनाच प्रश्न. भा. रा. भागवतांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ मासिक काढले. म्हणजे वाचक मिळवण्यासाठी आधी व्यासपीठच उभारले. पण त्यांची खरी जाहिरात केली ती बनेश फेणेने. फुरसुंगीचा हा चपळ पोरगा लेखकापेक्षा मोठा झाला. फाफे ओळखणाऱ्या कितीजणांना भास्कर रामचंद्र हे पूर्ण नाव सांगता येईल? (मलाही ते उशिराच कळले.) १९८०च्या दशकात दूरदर्शनवर त्याची मालिका आली, ती भागवतांच्या हयातीत. २००१ मध्ये ते गेले. २०१७ मध्ये ‘फास्टर फेणे’ चित्रपट झळकला आणि त्यात खुद्द भागवत हे एक पात्र होते, दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेले. मानसपुत्राच्या गोष्टीत बापाला जागा मिळाली!